मद्रासची उघडी कपाटे

विद्यापीठाच्या ग्रंथालयात ग्रंथ असणे आणि ते विद्यार्थ्याच्या हाती पडणे, यांत केवढे अंतर असू शकते हे पाहावयाचे तर मद्रासकडे वळावे. १८५७ साली स्थापन झालेल्या तेथील विद्यापीठाने आपला पहिला ग्रंथपाल नेमला तो १९२४ च्या जानेवारीत. शियाळी रामामृत रंगनाथन हे गृहस्थ मूळचे गणिताचे अध्यापक. नव्या जागेवरचा निवांतपणा त्यांना इतका असह्य झाला की ते पुन्हा वर्गात जाऊ पाहत होते! विद्यापीठाने त्यांना लंडनला धाडले. तेथील सार्वजनिक ग्रंथालयांत सर्व थरांतील माणसांची वर्दळ त्यांनी पाहिली, आणि १९२५ मध्ये परतले ते निराळेच होऊन.

मद्रासला त्यांनी विद्यार्थ्यांना थेट फळ्यांपर्यंत जाऊ दिले. कपाटे बंद असली म्हणजे चिठ्ठीवर नाव लिहून ग्रंथ मागावा लागतो. ज्याचे नावच ठाऊक नाही तो मागताच येत नाही. ग्रंथ चोरीस जातील ही भीती खोटी नव्हे. परंतु चार ग्रंथ गेल्याचे नुकसान मोठे, की चार हजार ग्रंथ कोणी न उघडल्याचे?

फळीशी आलेल्याला शेजारचा ग्रंथही उपयोगी पडावा, अशी मांडणी हवी. १९३३ साली प्रसिद्ध झालेले रंगनाथनांचे द्विबिंदु वर्गीकरण विषयाची अंगे सुटी करून पुन्हा जोडते. लंडनच्या दुकानातील मेकॅनो खेळण्यावरून ते त्यांना सुचले. एवढ्यानेही एखादा विद्यार्थी सूचीपुढे गोंधळून उभा राहतोच. त्याच्याकडे ग्रंथपालाने आपण होऊन जावे, अडचण विचारावी आणि नेमका ग्रंथ काढून द्यावा, हे रंगनाथन ग्रंथपालाचे मुख्य काम समजत.