पंचाहत्तर रुपयांचे आजीव सभासद

विष्णुशास्त्री चिपळूणकरांची सरकारने पुण्याहून रत्नागिरीला बदली केली. ‘निबंधमाला’ हे मासिक लिहिणाऱ्या या मास्तरांना सरकारी चाकरी जाचत होतीच. त्यांनी ती सोडली आणि १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. सोबत होते बळवंतराव टिळक आणि माधवराव नामजोशी. लवकरच वामन शिवराम आपटे आले आणि एम.ए. झालेले गोपाळ गणेश आगरकर. हुशार पदवीधराला तेव्हा मामलेदारी किंवा वकिली खुणावत असताना ही मंडळी शाळेत रमली कशी?

नुसत्या त्यागात या प्रश्नाचे पुरते उत्तर सापडत नाही. सरकारी शाळेत वरून हुकूम यायचा, बदली यायची आणि मास्तराने मान डोलवायची. इथे वरचा कोणी नव्हताच. वर्ग, परीक्षा, देणग्या, जागा यांचा निर्णय शिकवणारेच घेत. टिळक गणित आणि संस्कृत शिकवत. गणितातली मोठमोठी उदाहरणे ते फळ्याला हात न लावता तोंडीच सोडवत, असे विद्यार्थी सांगत. संस्कृतच्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्त्या शाळेच्या मुलांनी मिळवल्या, तेव्हा ते यश प्रत्येक शिक्षकाला स्वतःचे वाटले. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यामुळे टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते, त्याच वर्षी चिपळूणकर वारले, तरी शाळा बंद पडली नाही.

२४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि पुढच्याच जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज. आजीव सभासदाने वीस वर्षे शिकवायचे आणि कारभारही चालवायचा, असा नियम होता. पगार ठरला महिना ७५ रुपये. सरकारी कॉलेजातल्या युरोपीय प्राध्यापकांना शेकड्यांनी पगार मिळत होते.

याच मालकीच्या भावनेतून मतभेदही पेटले. टिळकांचे म्हणणे असे, की जेझुइट पाद्र्यांप्रमाणे सभासदाने सगळा वेळ आणि सगळी कमाई संस्थेला द्यावी. आगरकरांना ते मान्य नव्हते. संसार वाढला की गरजा वाढणारच, आणि शिकवण्याचे काम चोख झाल्यावर उरलेला वेळ ज्याचा त्याचा, असे ते मानत. १८९० मध्ये आजीव सभासद गोपाळ कृष्ण गोखले सार्वजनिक सभा या बाहेरच्या संस्थेचे चिटणीस झाले आणि भांडण शिगेला पोचले. त्याच वर्षी टिळकांनी राजीनामा दिला. टिळक आणि आगरकर दोघांचाही हेतू निर्मळ होता, म्हणून हा ताटातुटीचा प्रसंग आजही मनाला लागतो. पण शिक्षकाच्या बाजूने पाहिले तर आगरकरांची भूमिका अधिक माणुसकीची वाटते. काटकसर सगळ्यांनीच पत्करली होती. तिच्यात आणखी पहारा कशाला हवा?

त्या मोकळीकीचे फळ लगेच दिसले. टिळक बाहेर पडल्यावर गणितासाठी १८९१ मध्ये मुंबईहून धोंडो केशव कर्वे आले. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी लग्न केले, तेव्हा गावाने त्यांना वाळीत टाकले, पण कॉलेजातली नोकरी टिकली. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. तो पुढे पुण्याजवळच्या हिंगण्याला गेल्यावर दिवसभर गणित शिकवून कर्वे संध्याकाळी सामान घेऊन तिकडे पायी जात. पावसाळ्यात ती वाट चिखलाने भरलेली असे. वर्गातली हजेरी आणि आश्रमाची वाट या दोन्हींची सांगड त्यांनी वर्षानुवर्षे घातली.

गोखलेही अशीच अनेक कामे सांभाळत. ते इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र असे जे वाट्याला येईल ते शिकवत, शाळेसाठी अंकगणिताचे पुस्तक लिहीत आणि कॉलेजच्या इमारतीसाठी गावोगाव वर्गणी मागत. दम्याने जर्जर झालेले आगरकर प्राचार्यपदावर असतानाच १८९५ मध्ये गेले.

१९०२ मध्ये गोखले महिना ३० रुपये निवृत्तिवेतनावर बाहेर पडले. त्याच वर्षी रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे प्राचार्य झाले. १८९९ मध्ये केंब्रिजला गणिताच्या परीक्षेत पहिला येऊन सीनियर रँग्लर ठरलेला हा तरुण सरकारी पदाच्या वाटेला न जाता आपल्या जुन्या कॉलेजात ७५ रुपयांवर रुजू झाला होता. कर्वे त्यांचे नातलग. प्राचार्य वयाने लहान आणि गणिताचे जुने शिक्षक वडीलधारे, तरी सभासद मंडळात दोघांचे मत एकेकच. कर्वे १९१४ पर्यंत तिथे शिकवत राहिले.