कंठीवाल्या पक्ष्याच्या मागावर

साल 1830. बोलिव्हियातलं यूंगास, अँडीजचा पूर्व उतार. धुकं अंगाला चिकटतंय, फांद्या शेवाळानं फुगल्यात, खेचरांची वाट पावलागणिक घसरतेय. पुढे फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ अल्सीद दॉर्बिन्यी चाललाय. तुमची नजर मात्र बांबूच्या बेटाखाली हलणाऱ्या पाचोळ्यावर खिळते. गुडघे टेकून वाका. हिरवट पाठीचा एक पक्षी चोचीनं पान उचलतो, बाजूला भिरकावतो, खालचा किडा टिपतो आणि पुढच्या पानाला लागतो. डोक्यावर लांब पट्टे, गळ्याखाली काळी कंठी. त्याचा आवाज इतका बारीक आणि उंच, की लक्ष दिलं नाही तर तो किड्याचाच वाटावा.

याच्या गोतावळ्याला इंग्रजीत चिमण्याच म्हणतात. पण आपल्या वळचणीतल्या चिमणीशी यांचं जवळचं नातं नाही. हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या ज्वारीवर उतरणारे भारीट यांना कितीतरी जवळचे, आणि दीर्घकाळ शास्त्रज्ञांनी या दोघांना एकाच कुळात ठेवलं. 1837 साली दॉर्बिन्यी आणि त्याचा सहलेखक लाफ्रेने यांनी या पक्ष्याला टॉर्क्वाटस हे नाव दिलं, ते त्याच्या कंठीवरून.

आता एकदम 1923. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात पक्षितज्ज्ञ फ्रँक चॅपमनच्या शेजारी उभे राहा. खण ओढा. कापूस भरलेले पक्षी पोट वर करून ओळीनं निजलेत, प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी. टॉर्क्वाटसच्या काही रूपांना कंठी आहे, काहींना नाही. त्याचा तांबड्या टोपीचा भाऊबंद ब्रुनेइन्युका मेक्सिकोपासून पेरूपर्यंत बहुतेक ठिकाणी कंठी मिरवतो, पण पश्चिम इक्वाडोरमध्ये त्याचीही कंठी गायब. चॅपमन याला उत्परिवर्तन म्हणतो आणि त्याच वर्षी त्यावर लेख छापतो. जनुकं नेमकी कशाची बनलेली असतात हे अजून कळलेलं नसताना केवळ पिसं पाहून हा माणूस इतक्या खोलवर विचार करत होता, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. पण कंठी येते आणि जाते. तिच्या भरवशावर वंश सांगता येत नाही. वंशाचा पुरावा खणात नव्हता, डोंगरात होता.

तर डोंगर चढा. कोलंबियातल्या अँडीजमध्ये खालच्या जंगलात तांबड्या टोपीवाला भेटतो आणि वरच्या थंडीत टॉर्क्वाटसचे नातलग. मग कोस्टा रिकाला या. इथे गणित उलटं! टॉर्क्वाटसचा नातलग खाली, तांबडी टोपी वर. बोलिव्हियात तर तांबडी टोपी पोचलेलीच नाही. उंचीची वाटणी दोन शेजाऱ्यांच्या चढाओढीतून झाली असावी, असा तर्क पक्षितज्ज्ञ रेम्सन आणि ग्रेव्ह्ज यांनी 1995 साली तपासून पाहिला.

हे पक्षी डोंगराडोंगरांवर वेगळे कसे पडले हे पाहायला अजून मागे चला, सुमारे 20 हजार वर्षं. हवा बोचरी आहे, हिमनद्या खाली सरकल्यात, त्यांच्यासोबत धुक्याची जंगलंही उतरलीत. आज एकेकट्या असलेल्या काही डोंगरांची रानं इथे एकमेकांच्या जवळ आलेली दिसतात. हवा तापली की ती पुन्हा चढतात आणि पक्षी आपापल्या शिखरावर अडकतात. असं हिमयुगागणिक घडलंय. या पक्ष्यांच्या काही शाखा तर शेवटच्या हिमयुगाच्या कितीतरी आधी वेगळ्या झाल्या होत्या.

आता 2010. पक्षितज्ज्ञ डॅनियल कादेना आणि आंद्रेस क्वेर्वो डीएनए, गाणं, शरीराची मापं आणि राहण्याचं हवामान, सगळं एकत्र मांडतात. निष्कर्ष असा, की कोस्टा रिकापासून अर्जेंटिनापर्यंत एकच मानलेला टॉर्क्वाटस म्हणजे आठ जाती. या पक्ष्यांवरच्या संशोधनाच्या ओघात त्यांची ब्वारेमोन ही जुनी प्रजाती मोडून आरेमोनमध्ये सामावली गेली. भारिटांशी असलेला संसारही सुटला: 2017 साली अमेरिकी पक्षिशास्त्रीय संस्थेच्या सूचीनं यांचं स्वतंत्र कुळ मान्य केलं, पासेरेलिडी.

नावांचा हा नुसता कागदी खेळ आहे असं कोणी म्हणालं तर मला ते पटत नाही. शेवटचा मुक्काम करा व्हेनेझुएलाच्या ईशान्य टोकाला, पारियाच्या डोंगरांत. इथला फिगास नावाचा पक्षी पूर्वी कोस्टा रिकापासून अर्जेंटिनापर्यंत पसरलेल्या टॉर्क्वाटसची किरकोळ उपजात होता. इथलं रान तुटलं असतं तरी यादीत टॉर्क्वाटस सुखरूप दिसला असता. आता फिगास स्वतंत्र जात आहे. पारिया आणि आसपासच्या मोजक्या डोंगरांपलीकडे त्याला जगात दुसरं घर नाही, आणि तिथली प्रत्येक तोड त्याच्या नावावर मांडावी लागते.