फिस्कचे माजी विद्यार्थी

माजी विद्यार्थी संघ म्हटला की वार्षिक स्नेहभोजन आणि इमारत निधीची पावती एवढेच डोळ्यांपुढे येते. कॉलेजची पायरी न चढलेल्या माझ्यासारख्या युनियनवाल्याला त्यात रस वाटण्याचे तसे कारण नाही. पण अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या फिस्क विद्यापीठातील माजी विद्यार्थ्यांनी चक्क एका संपाची पाठराखण केली, ती हकीकत सांगण्याजोगी आहे.

गुलामगिरी संपताच, १८६६ साली, नॅशव्हिल येथे मिशनऱ्यांनी ही संस्था काढली. तिजोरी रिकामी झाली तेव्हा १८७१ साली विद्यार्थीच गात गात मुलुखभर हिंडले आणि त्या पैशातून ज्युबिली हॉल उभा राहिला. घर मुलांच्या कष्टाचे. कारभार मात्र गोऱ्यांचा. १९१५ साली आलेल्या मॅकेन्झी या अध्यक्षांनी धनिकांकडून दहा लाख डॉलरांची गंगाजळी जमवण्याचा चंग बांधला, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण त्याबरोबर त्यांनी विद्यार्थी मंडळ मोडले, मुलांचे मासिक बंद पाडले, मुलींच्या पोशाखावर पहारा बसवला. दाता नाराज होऊ नये म्हणून मुलांनी मान खाली घालून राहावे, असा हा हिशेब.

विद्यार्थ्याने तोंड उघडले तर त्याचे नाव कमी होणार. माजी विद्यार्थ्याचे नाव कोण कमी करणार? गिरणीच्या दरवाजाबाहेर उभे राहून बोलणाऱ्या माणसाची किंमत आम्ही जाणतो. आपल्या १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यानेही बाहेरच्या माणसाला कार्यकारिणीत जागा ठेवली. फिस्कचे १८८८ चे पदवीधर डु बॉइस (१९४६ साली डॉ. आंबेडकरांनी ज्यांना पत्र लिहिले तेच हे) जून १९२४ मध्ये फिस्कच्याच व्यासपीठावरून या कारभारावर तुटून पडले. बंद पडलेले मासिक त्यांनी न्यूयॉर्कहून काढले. सगळे माजी विद्यार्थी त्यांच्या बाजूचे नव्हते. कित्येक अध्यक्षांनाच चिकटून राहिले. अशी माणसे प्रत्येक संपात भेटतात, आणि ती सगळीच लबाड नसतात.

फेब्रुवारी १९२५ मध्ये एका रात्री वसतिगृहातील मुलांनी घोषणांनी आवार दणाणून सोडले. अध्यक्षांनी शहरचे पोलीस आत बोलावले. तेथेच त्यांचा डाव फसला. मुलांनी वर्ग सोडले ते आठ आठवड्यांहून अधिक काळ, आणि एप्रिलमध्ये मॅकेन्झींनी राजीनामा दिला.

पुढचे अध्यक्षही गोरेच आले. कृष्णवर्णीय अध्यक्षाची निवड होण्यास १९४६ साल उजाडावे लागले. ते चार्ल्स जॉन्सन मात्र फिस्कचे विद्यार्थी नव्हते. डु बॉइस यांचा कौल फिस्कचेच पदवीधर चार्ल्स वेस्ली यांना होता.