शब्दसाहचर्य, इंग्रजीतील

ठरावीक शब्दांनी ठरावीक शब्दांच्याच सोबतीने येण्याची भाषेतील रूढी; इंग्रजी संज्ञा ‘कॉलोकेशन’. ही रूढी व्याकरणाच्या नियमांतून निघत नाही, शब्दार्थावरूनही ती पुरती ओळखता येत नाही. चहा ‘स्ट्राँग’, मोटार ‘पॉवरफुल’. विशेषणांची अदलाबदल केली तर अर्थ कळतो, पण कानाला खटकते. भाषावैज्ञानिक हॅलिडे यांनी १९६६ मध्ये दाखवलेला हा फरक आजही वर्गात उपयोगी पडतो. पाऊस ‘हेवी’ असतो, वारा ‘स्ट्राँग’. चुकीला ‘मेक’ लागते, गृहपाठाला ‘डू’.

या अभ्यासाचा पाया परभाषकांना इंग्रजी शिकवणाऱ्यांनी घातला. हॅरोल्ड पामर यांनी टोकियोत १९३३ मध्ये अशा जोड्यांचा मोठा संग्रह सिद्ध केला. पुढे ही संकल्पना भाषाविज्ञानात रुजवणारे जे. आर. फर्थ त्याआधी, १९१९ ते १९२८, लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. महाराष्ट्राचा वाटा कोल्हापूरचा. तेथील शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली भारतीय इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा संग्रह तयार झाला. त्यात १९७८ सालच्या लेखनातील प्रत्येकी सुमारे दोन हजार शब्दांचे ५०० उतारे आहेत. भारतीय लेखक कोणता शब्द कोणाशेजारी ठेवतात, हे त्यामुळे मोजून पाहता आले.

जळगाव जिल्ह्यातील रावेरसारख्या तालुक्यात मूल घरी लेवा गणबोली, तडवी किंवा अहिराणी बोलते, शाळेत प्रमाण मराठी आणि बऱ्हाणपूरच्या बाजारात हिंदी. इंग्रजी लिहिताना या भाषांतल्या जोड्या सोबत येतात. आपण परीक्षा ‘देतो’, म्हणून ‘गिव्ह’ लिहिले जाते. इंग्लंड-अमेरिकेत परीक्षार्थी ती ‘टेक’ करतो, ‘गिव्ह’ करतो तो शिक्षक. स्वप्न आपल्याला ‘पडते’, इंग्रजीत त्याला ‘हॅव’ लागते. याला मुलांचा आळस म्हणणे अन्यायाचे आहे: त्यांच्या हाती शब्द आणि अर्थ अशी दोन रकान्यांची यादीच दिलेली असते. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. जोड्या शिकवण्याला तेव्हापासूनच महत्त्व मिळायला हवे होते.

याच भागातील केळीच्या व्यवहारात मात्र जोड्यांचे हे शिक्षण आपोआप होते. ‘टिश्यू कल्चर’, ‘ड्रिप’, ‘बोर्ड भाव’ (केळीचा जाहीर दर) हे शब्द शेतकऱ्याने सुटे घोकलेले नाहीत. ते पूर्ण वाक्यांतून कानावर पडले. आलेल्या इंग्रजी नामाला मराठी आपले क्रियापद देते: पेमेंट ‘अडकते’, लाइट ‘जाते’, टेन्शन ‘घेतले’ जाते, मिस्ड कॉल ‘दिला’ जातो.

शिकणाऱ्यासाठी ‘बीबीआय’ (१९८६) आणि ऑक्सफर्ड (२००२) हे साहचर्यकोश आहेत. त्यांत अर्थ शोधायचा नसतो. ‘डिसिजन’ काढले की ‘मेक’, ‘टेक’, ‘रीच’ ही चालणारी क्रियापदे मिळतात. वहीत नाम एकटे न लिहिता अशा क्रियापदासह उतरवावे.