सुपरमॅन कोणाचा?

मार्च १९३८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात राहणाऱ्या दोन तरुणांनी न्यूयॉर्कच्या एका मासिककंपनीला तेरा पानांची एक चित्रकथा विकली. मोबदला पानाला दहा डॉलर या दराने ठरला होता, म्हणजे एकूण १३० डॉलर. लेखक जेरी सीगल आणि चित्रकार जो शूस्टर दोघेही तेवीस वर्षांचे होते. पैशांबरोबर आलेल्या कागदावर त्यांनी सही केली आणि कथेतील नायकावरचे सर्व हक्क कंपनीच्या नावे कायमचे लिहून दिले. त्या नायकाचे नाव सुपरमॅन.

हा प्रसंग कॉमिक्सच्या इतिहासात वारंवार सांगितला जातो आणि बहुधा एका अन्यायाची कथा म्हणूनच सांगितला जातो. अन्याय झाला हे आम्हांलाही मान्य आहे. परंतु तेवढ्यावर थांबल्यास त्यामागचा एक अधिक अवघड प्रश्न नजरेआड होतो. जी निर्मिती पुढे आठ दशके रेडिओ, कार्टूनपट, दूरचित्रवाणी आणि चित्रपट अशा माध्यमांतून फिरत राहिली आणि प्रत्येक माध्यमात काहीतरी नवे घेऊन पुढे गेली, तिचा कर्ता कोण मानायचा? समीक्षेला हा प्रश्न नवा नाही. सुपरमॅनच्या बाबतीत मात्र तो न्यायालयात गेला, आणि उत्तर देण्यासाठी न्यायाधीशांना समीक्षकाचे काम करावे लागले.

प्रथम मूळ निर्मितीकडे पाहू. सीगल आणि शूस्टर दोघेही ज्यू स्थलांतरितांची मुले. क्लीव्हलंडच्या ग्लेनव्हिल हायस्कूलमध्ये त्यांची मैत्री जमली ती विज्ञानकथांच्या स्वस्त मासिकांच्या ओढीने. जानेवारी १९३३ मध्ये त्यांनी स्वतःच काढलेल्या एका छोट्या नियतकालिकात ‘सुपरमॅन’ हे नाव पहिल्यांदा आले, परंतु तो सुपरमॅन खलनायक होता. मनःशक्ती लाभलेला आणि जगावर सत्ता गाजवू पाहणारा. त्याच्या काही महिने आधी, १९३२ साली, सीगलच्या वडिलांचा त्यांच्या कपड्यांच्या दुकानात चोरीच्या प्रसंगी मृत्यू झाला होता. खलनायकाचा पुढे दुर्बळांचा कैवारी झाला त्याचा या घटनेशी संबंध काही अभ्यासकांनी जोडला आहे. सीगलने स्वतः तसे म्हटल्याचे आमच्या वाचनात नाही, तेव्हा ते अनुमान अनुमान म्हणूनच ठेवलेले बरे.

नायक झालेला हा सुपरमॅन घेऊन दोघांनी पुढली काही वर्षे वृत्तपत्रांना चित्रमालिका पुरविणाऱ्या संस्थांचे उंबरठे झिजविले. सर्वांनी नकार दिला. अखेर जेव्हा मासिकाने होकार दिला तेव्हा वृत्तपत्रासाठी काढलेल्या पट्ट्या कापून, मासिकाच्या पानाच्या मापात बसवून पुन्हा चिकटवाव्या लागल्या. ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या जून १९३८ च्या पहिल्या अंकात ही कथा आली. अंकाची किंमत दहा सेंट होती.

आज ती तेरा पाने वाचताना आपल्या ओळखीचा सुपरमॅन तिथे अर्धाच भेटतो. निळा-लाल पोशाख आहे, क्लार्क केंट हा भिडस्त वार्ताहर आहे, त्याला तुच्छ लेखणारी लोइस आहे, विनाश पावलेल्या ग्रहावरून आलेले बालक आहे. परंतु त्या ग्रहाला अद्याप नाव नाही, आणि हा सुपरमॅन उडत नाही, लांब उड्या मारतो. त्याचे शत्रूही आपल्या अपेक्षेतले नाहीत. निरपराध स्त्रीला होऊ घातलेला देहदंड तो थांबवितो, पत्नीला मारहाण करणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवितो, आणि वॉशिंग्टनमध्ये लोकप्रतिनिधीला हाताशी धरणाऱ्या एका दलालाच्या मागे लागतो. लवकरच एका कथेत तो कामगारांच्या सुरक्षिततेकडे दुर्लक्ष करणाऱ्या खाणमालकाला त्याच्याच खाणीत अडकवून तिथली अवस्था दाखवितो. महामंदीच्या काळात वाढलेल्या दोन मुलांनी पाहिलेले हे स्वप्न होते. परग्रहावरील राक्षसांपेक्षा त्यांना घरमालक आणि कारखानदार यांच्याशी हिशेब चुकता करायचा होता.

उरलेला अर्धा सुपरमॅन मग आला कुठून? तो मुख्यतः माध्यमांतरातून आला. १२ फेब्रुवारी १९४० रोजी रेडिओवर सुपरमॅनची मालिका सुरू झाली आणि ती १९५१ पर्यंत चालली. संपादक पेरी व्हाइट आणि उमेदवार पोऱ्या जिमी ऑल्सेन ही नावे रेडिओने दिली. १९४१ ते १९४३ या काळात पॅरामाउंटसाठी सतरा कार्टूनपट तयार झाले, त्यांतले पहिले नऊ फ्लायशर बंधूंच्या स्टुडिओचे. पडद्यावर सारख्या उड्या मारणारा नायक विचित्र दिसतो, त्यामुळे त्या उड्या हळूहळू लांबत गेल्या आणि त्यांचे उड्डाणात रूपांतर झाले. टेलिफोन बूथमध्ये कपडे बदलण्याची प्रसिद्ध युक्तीही याच कार्टूनपटांतली. त्याला हतबल करणारा क्रिप्टोनाइट हा खनिज पदार्थ श्रोत्यांनी रेडिओवर १९४३ साली ऐकला. कॉमिक्सच्या पानांवर यायला त्याला १९४९ उजाडले. १९४६ साली रेडिओमालिकेने क्लू क्लक्स क्लॅनसारख्या वंशद्वेषी संघटनेवर सोळा भागांची कथा प्रसारित केली. मूळ सुपरमॅनचा सामाजिक संताप त्या सुमारास कॉमिक्समधून ओसरत चालला होता, तो असा दुसऱ्या माध्यमात जिवंत राहिला.

क्रिप्टोनाइटच्या बाबतीत एक नोंद करायला हवी. १९४० सालीच सीगलने एक कथा लिहिली होती. तीत क्रिप्टन ग्रहावरून आलेल्या एका धातूमुळे सुपरमॅनची शक्ती क्षीण होते आणि अखेर तो लोइसला आपले खरे रूप सांगून टाकतो. प्रकाशकांनी ती छापली नाही. नायकाच्या दोन रूपांमधला लपंडाव हेच मालिकेचे भांडवल होते आणि ते उधळून टाकण्याची त्यांची तयारी नसावी. कोणती कल्पना कोणाची, हे ठरविणे किती कठीण आहे ते या एका उदाहरणावरून कळावे.

या सर्व काळात निर्माते कुठे होते? सुपरमॅनच्या स्वतंत्र मासिकाचा खप लवकरच दहा लाखांवर गेला होता. सीगल-शूस्टर यांना कामाचे पैसे मिळत होते आणि सुरुवातीची काही वर्षे ते बरे मिळाले, पण रेडिओ, चित्रपट आणि खेळणी यांतून येणाऱ्या उत्पन्नाच्या मानाने ती रक्कम अल्प होती. १९४३ मध्ये सीगल सैन्यात भरती झाला. सुपरमॅनच्या बालपणावर ‘सुपरबॉय’ नावाची मालिका काढावी असे त्याने पूर्वी सुचविले होते आणि ते नाकारले गेले होते. तो सैन्यात असतानाच कंपनीने ‘सुपरबॉय’ छापायला सुरुवात केली. १९४७ मध्ये दोघांनी दावा लावला. १९४८ च्या तडजोडीत त्यांना सुमारे ९४ हजार डॉलर मिळाले, बदल्यात सर्व हक्कांवर पाणी सोडावे लागले. त्यानंतर त्यांची नावे मासिकाच्या पानांवरून काढून टाकण्यात आली. त्याच वर्षी कोलंबियाची पंधरा भागांची सुपरमॅन चित्रपटमालिका आली, आणि १९५२ ते १९५८ या काळात जॉर्ज रीव्ह्जच्या दूरचित्रवाणी मालिकेने सुपरमॅनला घरोघरी नेले. त्या मुलांपैकी कोणी अंक उघडून पाहिला असता तर हा नायक कोणी निर्माण केला याचा पत्ता त्याला लागला नसता.

१९५९ च्या सुमारास सीगल परत आला, पण एक अनाम, पानावर पैसे घेणारा लेखक म्हणून. आमच्या मते त्याचे उत्तम लेखन याच काळातले आहे. १९६० सालच्या एका कथेत सुपरमॅन काळाच्या मागे जाऊन नाशापूर्वीच्या क्रिप्टनवर पोचतो. तिथे तो शक्तिहीन आहे. आपण कोण हे न सांगता तो आईवडिलांच्या सहवासात राहतो, प्रेमात पडतो, आणि होऊ घातलेला विनाश टाळू शकत नाही. आपल्याच घरी अनोळखी म्हणून वावरणाऱ्या नायकाची ही कथा ज्याने लिहिली, तो स्वतःच्याच निर्मितीच्या घरात त्याच अवस्थेत होता. लेखकाच्या चरित्रावरून कथेचा अर्थ लावणे आम्हांला सहसा पसंत नाही, पण इथे तो मोह आवरणे कठीण जाते.

पुढे स्वामित्वहक्काच्या नूतनीकरणावरून पुन्हा दावा झाला आणि १९७४ मध्ये अपील न्यायालयातही तो फेटाळला गेला. शूस्टरची दृष्टी जवळजवळ गेली होती आणि तो न्यूयॉर्कमध्ये भावाच्या आश्रयाने राहत होता. सीगल लॉस एंजेलिसमध्ये कारकुनी करीत होता. अशा वेळी, १९७५ साली, सुपरमॅनवर प्रचंड खर्चाचा चित्रपट येणार असल्याच्या बातम्या झळकल्या. सीगलने एक दीर्घ पत्रक लिहून वृत्तपत्रांना धाडले आणि त्या चित्रपटाला जाहीर शाप दिला. नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी हे प्रकरण हाती घेतले व व्यंगचित्रकारांच्या संघटनांना आणि वृत्तपत्रांना जागे केले. कंपनीवर कायद्याचे कोणतेही बंधन उरले नव्हते, परंतु चित्रपटाच्या तोंडावर होणारी नाचक्की परवडणारी नव्हती. डिसेंबर १९७५ मध्ये दोघांना प्रत्येकी वार्षिक वीस हजार डॉलर आणि औषधोपचाराची तरतूद देण्याचे ठरले. पैशांपेक्षाही रॉबिन्सनने आग्रह धरला तो नावाचा. १९७८ च्या डिसेंबरमध्ये रिचर्ड डॉनरचा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा सुपरमॅनचे जनक म्हणून त्यांची नावे पडद्यावर होती. त्याच चित्रपटात सुपरमॅनच्या वडिलांची छोटीशी भूमिका करण्यासाठी मार्लन ब्रँडोला ३७ लाख डॉलर मिळाले होते, हेही लक्षात ठेवलेले बरे.

यातला विरोधाभास आम्हांला महत्त्वाचा वाटतो. माध्यमांतरांनी सुपरमॅनला मोठे केले आणि त्याच ओघात त्याच्या जनकांना पुसट केले. ज्या रेडिओने, ज्या पडद्याने नवे तपशील दिले त्यांच्याकडे बोट दाखवून ‘हा आता सर्वांचाच’ असे म्हणणे कंपनीला सोयीचे झाले. परंतु नाव परत मिळाले तेही एका माध्यमांतरामुळेच. चित्रपट आला नसता तर १९७५ साली सीगलचे पत्रक कोणी वाचले असते, याची शंका वाटते.

कथा इथे संपली नाही. अमेरिकेच्या १९७६ च्या स्वामित्वहक्क कायद्याने जुन्या लेखकांना आणि त्यांच्या वारसांना एक संधी दिली. छप्पन वर्षांनंतर, ठरावीक मुदतीत नोटीस देऊन, पूर्वी लिहून दिलेला हक्क परत घेता येऊ लागला. शूस्टर १९९२ मध्ये आणि सीगल १९९६ मध्ये वारला. सीगलची पत्नी जोअन आणि कन्या यांनी १९९७ साली अशी नोटीस दिली. मार्च २००८ मध्ये न्यायाधीश स्टीव्हन लार्सन यांनी ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकातील सीगलचा हिस्सा कुटुंबाकडे परत गेल्याचा निर्णय दिला.

या निर्णयाचे परिणाम साहित्याच्या अभ्यासकाने पाहण्यासारखे आहेत. परत मिळाले ते फक्त त्या अंकात असलेले. पोशाख, दुहेरी ओळख, लोइस, अफाट बळ आणि निनावी ग्रह हे कुटुंबाच्या वाट्याला, तर उड्डाण, क्रिप्टोनाइट, जिमी ऑल्सेन आणि लेक्स ल्युथर कंपनीच्या वाट्याला. २००९ मध्ये वृत्तपत्रातील मालिकेचे पहिले दोन आठवडेही कुटुंबाकडे गेले, तेव्हा कुठे क्रिप्टन हे नाव त्यांचे झाले. पाठचिकित्सक एखाद्या प्राचीन ग्रंथातील मूळ संहिता आणि प्रक्षेप वेगळे करतो, तसे हे काम होते. फरक एवढाच की इथे प्रत्येक प्रक्षेपाची किंमत डॉलरमध्ये ठरणार होती.

प्रत्यक्षात ती किंमत ठरली नाही. कुटुंबाच्या वकिलाने २००१ मध्ये लिहिलेले एक पत्र म्हणजेच पूर्ण झालेला करार होय, असे अपील न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये ठरविले. शूस्टरच्या वारसांचा दावाही १९९२ सालच्या एका कराराच्या आधारे त्याच वर्षी अपिलात फेटाळला गेला. जोअन सीगल २०११ मध्येच निवर्तल्या होत्या. लोइसच्या चित्रांसाठी तरुणपणी शूस्टरसमोर बसलेली मॉडेल ती हीच.

कंपनीची बाजू सर्वस्वी पोकळ होती असे आम्ही म्हणणार नाही. हजारो लेखक, चित्रकार, नट आणि तंत्रज्ञ यांच्या हातांतून गेल्याशिवाय सुपरमॅन एवढी वर्षे टिकला नसता, आणि छपाईचा धोका पत्करणारा कोणी नसता तर तो क्लीव्हलंडमधल्या एका खोलीत कागदावरच राहिला असता. पण ‘सर्वांनी घडविले’ या विधानातून ‘म्हणून ते घडविणाऱ्या कोणाचेच नव्हे’ असा निष्कर्ष निघत नाही. उड्डाणाची कल्पना देणाऱ्या अनाम कलावंतालाही त्यातून काही मिळाले नाही. सामूहिक निर्मितीचा युक्तिवाद केला गेला तो समूहाच्या वतीने नव्हे, मालकाच्या वतीने, हे विसरता कामा नये.

२०१२ साली तो जुना धनादेश लिलावात १ लाख ६० हजार डॉलरला विकला गेला. सीगल-शूस्टर यांच्या इतर कामाचे पैसे धरून त्यावरची रक्कम ४१२ डॉलर होती. पहिल्या अंकाच्या एका प्रतीला २०२४ मध्ये ६० लाख डॉलर आले. यांतला एक सेंटही निर्मात्यांच्या घरी जाण्याचे कारण नव्हते. आणि आजच्या कायद्यानुसार १ जानेवारी २०३४ रोजी त्या पहिल्या अंकावरचा अमेरिकेतील स्वामित्वहक्क संपेल. त्या दिवशी मुक्त होणारा सुपरमॅन लांब उड्या मारणारा, भ्रष्ट पुढाऱ्यांच्या मागे लागणारा, निनावी ग्रहावरून आलेला असेल. दोन तेवीस वर्षांच्या मुलांनी रचलेला तो मूळ पाठ पहिल्यांदाच कोणाच्याही परवानगीशिवाय छापता येईल. छापणाऱ्याने त्यावर दोघांची नावे घालावीत, अशी सक्ती तेव्हा कोणी करणार नाही. ती घातली जातात की नाही, हे पाहण्यासारखे ठरेल.