आईच्या ओठांवरचे पुस्तक

भगिनींनो, मुलांना वाचनाची गोडी कशी लावावी हा प्रश्न आपण एकमेकींना नेहमी विचारतो. मला अशा वेळी पंडिता रमाबाईंच्या आईची आठवण होते. लेकीचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. आईचे लक्ष्मीबाई हे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही.

लक्ष्मीबाई लग्न होऊन आल्या तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. पती अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. पुण्यास शिकत असताना पेशव्यांच्या घरची स्त्री संस्कृत शिकते हे त्यांनी पाहिले होते. तेव्हापासून आपल्या बायकोला शिकवायचे हे त्यांच्या मनाने घेतले. घरच्यांना व जातभाईंना ते रुचेना. अखेर ते तिला घेऊन सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तेथे १८५८ साली रमाबाई जन्मल्या.

शास्त्रीबुवा वृद्ध झाले होते, म्हणून रमेला आईनेच शिकवले. पण दिवसभर घरकाम; सवड कोठली? पहाटे पाखरे बोलू लागत तेव्हा ती माउली झोपेने जड झालेल्या पोरीला अलगद उचली, लाडाच्या शब्दांनी जागे करी. हाती पुस्तक नसे. आई म्हणे, लेक मागून म्हणे. असे हजारो श्लोक पाठ झाले. पुढे तीर्थयात्रेची वणवण, उपासमार. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईबाप दोघेही गेले. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हटले, ते त्या पहाटेच्या पुंजीवर.

याच रमाबाईंनी केडगावी मुक्तिसदन उभारले. (आपल्या नगरजवळचे केडगाव नव्हे, दौंड तालुक्यातले.) तेथील छापखान्यात खिळे जुळवायलाही बायका-मुलीच असत.

माझी आई निरक्षर. पण श्रावणात ती मला ‘हरिविजय’ वाचायला बसवी, आणि मी चुकले की थांबवी! ऐकून ऐकून तिला सारे पाठ होते. सातवीनंतर माझी शाळा सुटली, पोथी सुटली नाही. राळेगणला नांदायला आले ती पोथी घेऊनच.

धाकट्याच्या हातातला मोबाईल मी एकदा हिसकावला, तर दोन दिवस बोलला नाही. मग एका संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हटले, “बाळा, चष्मा सापडेना, एवढे पान वाचून दाखव.” कुरकुरत वाचले. आता रोज दोन-तीन पाने होतात, कधी मधेच थांबून अर्थही विचारतो. चष्मा फडताळात आहे, हे त्याला केव्हाच कळले असावे.