ॲक्युपंक्चरच्या अभ्यासात ‘खोटी सुई’ कशी टोचतात?

“डॉक्टर, गोळ्या नको, एक सुई मारा.” मराठवाड्यात दवाखाना चालवणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने हे वाक्य ऐकलेलं असतं. सुई टोचली म्हणजे खरा उपचार झाला, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. आपल्या छत्रपती संभाजीनगरात ॲक्युपंक्चरचे दवाखाने आहेत, राज्यात या उपचारपद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदाही आहे. त्यामुळे गुडघा किंवा कंबर वर्षानुवर्षे दुखणारे रुग्ण विचारतात, “त्या सुयांनी खरंच फरक पडतो का?” संशोधनात याचं उत्तर शोधायचं असेल, तर आधी एक गोष्ट पाहावी लागते: खऱ्या सुईची तुलना कशाशी केली?

गोळीच्या बाबतीत हे सोपं असतं. तशाच रंगाची, आकाराची, पण औषध नसलेली गोळी तयार करायची. तिला प्लासिबो म्हणतात. आपल्याला खरी गोळी मिळाली की प्लासिबो, हे रुग्णाला कळू न देणं म्हणजे ब्लाइंडिंग. पण सुई टोचली की नाही, हे माणसापासून लपवायचं कसं? यासाठी संशोधकांनी वेगवेगळ्या युक्त्या काढल्या आणि प्रत्येकीत काही ना काही उणीव राहिली.

चुकीच्या जागी, वरवर टोचणं

सर्वात जुनी युक्ती ही. सुई खरीच, पण ॲक्युपंक्चरच्या ठरलेल्या बिंदूपासून दूर आणि जेमतेम कातडीत. रुग्णाला टोचल्याचं खरोखर जाणवतं, म्हणून त्याला संशय येत नाही. जर्मनीत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या कंबरदुखीच्या मोठ्या अभ्यासात हीच पद्धत होती. त्यात ११६२ रुग्ण होते. सहा महिन्यांनी खऱ्या ॲक्युपंक्चरच्या गटात ४७.६ टक्के, वरवर टोचलेल्या गटात ४४.२ टक्के आणि नेहमीचे उपचार (औषधं, व्यायाम वगैरे) घेणाऱ्या गटात २७.४ टक्के लोकांना फरक पडला.

या आकड्यांवरून दोन्ही बाजूंचे लोक आजही भांडतात. एक म्हणतो, “बिंदू खोटे ठरले.” दुसरा म्हणतो, “सुई गोळ्यांपेक्षा सरस ठरली.” खरी अडचण वेगळीच आहे. कुठेही टोचलं तरी कातडीतल्या नसा उत्तेजित होतात. म्हणजे ही ‘खोटी’ सुई पूर्णपणे निष्क्रिय नाही. लपवाछपवी उत्तम साधली, पण तुलना गढूळ झाली.

आत सरकणारी सुई

नाटकात पोटात खुपसल्यावर पातं मुठीत सरकणारा खंजीर असतो ना, तशीच ही सुई. १९९८ साली जर्मनीतल्या श्ट्राइटबर्गर आणि क्लाइनहेन्झ यांनी ‘लॅन्सेट’मध्ये तिची माहिती दिली. कातडीवर प्लास्टिकचं छोटं कडं ठेवायचं, त्यावर चिकटपट्टी लावायची. बोथट टोकाची सुई पट्टीतून खाली जाते, कातडीला टेकते, आणि मूठ तिच्यावरून खाली सरकते. बघणाऱ्याला वाटतं सुई आत गेली. त्यांच्या ६० स्वयंसेवकांपैकी ५४ जणांना खऱ्या सुईने टोचल्याची जाणीव झाली, तर ४७ जणांना खोट्या सुईनेही झाली! पुढे पार्क यांनी नळीच्या आधारे उभी राहणारी अशीच सुई बनवली.

मला ही पद्धत सर्वात प्रामाणिक वाटते, पण तिच्या मर्यादा आहेत. डोक्यावर केसांत किंवा बोटांच्या टोकांवर कडं नीट बसत नाही. ज्याने पूर्वी ॲक्युपंक्चर घेतलं आहे, त्याला आतवर जाणवणारा जडपणा ओळखीचा असतो, त्यामुळे तो फसेलच असं नाही. शिवाय टोचणाऱ्याला सगळं ठाऊक असतं, आणि त्याच्या बोलण्या-वागण्यातून ते रुग्णापर्यंत पोहोचू शकतं. जपानमधल्या ताकाकुरा आणि याजिमा यांनी २००७ मध्ये टोचणाऱ्यालाही फरक कळू नये अशी सुई तयार केली. पण बहुतेक अभ्यासांत टोचणारा आजही ‘जाणकार’च असतो.

टूथपिक, बंद लेझर

अमेरिकेत २००९ साली ६३८ कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात एका गटाला चक्क टूथपिकने टोचलं. रुग्ण पालथा झोपलेला, पाठ त्याला दिसत नाही, म्हणून हे जमलं. टूथपिकचा गट खऱ्या ॲक्युपंक्चरच्या बरोबरीने सुधारला. गुडघ्यावर किंवा हातावर, रुग्णाच्या डोळ्यांसमोर, हे करणं अवघड. बंद ठेवलेलं लेझर यंत्रही वापरतात, पण मग सुईची तुलना वेगळ्याच अपेक्षेशी होते.

अपेक्षा किती जोरदार असते, हे कॅप्चक यांच्या २००६ मधल्या अभ्यासात दिसलं. हात दुखणाऱ्या २७० जणांपैकी काहींना खोटी सुई, काहींना खोटी गोळी दिली. काही आठवड्यांत खोट्या सुईच्या गटातलं दुखणं जास्त कमी झालं. गंमत म्हणजे, ज्याला जे दुष्परिणाम आधी सांगितले होते, नेमके तेच त्याला जाणवले. ‘एक सुई मारा’ म्हणणारे आपले रुग्ण अगदीच चुकत नाहीत म्हणायचे.

मग एकूण चित्र काय?

जवळपास १८ हजार रुग्णांची माहिती एकत्र करणारा व्हिकर्स यांचा अभ्यास २०१२ मध्ये आला. त्यांनी समजावण्यासाठी दिलेलं उदाहरण असं: वेदना १०० पैकी ६० असेल, तर ॲक्युपंक्चर न घेता ती साधारण ४३ वर येईल, खोट्या सुईने ३५ वर आणि खऱ्या सुईने ३० वर. म्हणजे खऱ्या-खोट्यातला फरक आहे, पण लहान. काहीच न टोचणं आणि खोटं टोचणं यातला फरक त्याहून मोठा.

तुम्हाला अभ्यासात सहभागी व्हायला सांगितलं तर

आपल्याकडे ‘सुई’ म्हणजे इंजेक्शन, म्हणजे आत औषध. ॲक्युपंक्चरच्या सुईतून काहीही आत जात नाही. संमतीपत्रात हे मराठीत स्पष्ट लिहिलेलं असावं, नाहीतर खऱ्या आणि खोट्या अशा दोन्ही गटांतल्या रुग्णाचा गैरसमज होतो. ‘तुम्हाला खोटी सुईही मिळू शकते’ हेसुद्धा आधीच सांगितलं पाहिजे. अभ्यास भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत (सीटीआरआय) नोंदलेला आहे का, ते विचारा. तिथली माहिती कुणालाही पाहता येते. तुलना कशाशी होणार आणि ब्लाइंडिंग कुणाचं, हेही तिथे लिहिलेलं असतं.

चांगल्या अभ्यासात तुम्हाला सुरुवातीच्या एक-दोन वेळांनंतरच विचारतात, “तुम्हाला कोणती सुई मिळाली असं वाटतं?” शेवटी विचारलं तर ज्याला आराम पडला तो “खरी” म्हणतो आणि ज्याला नाही तो “खोटी”. मग ब्लाइंडिंग टिकलं की नाही, हे कळतच नाही.

आणि एक महत्त्वाचं: कंबरदुखीसोबत पायातली ताकद जात असेल, लघवी-संडासवरचा ताबा सुटत असेल किंवा जांघेत बधिरपणा आला असेल, तर कुठल्याही सुईची वाट न पाहता त्याच दिवशी घाटीत किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा.